बशीतला चमचा

१

मला किळस लवकर येते. लहानपणापासूनच. कोणाकडे गेले आणि तिथे हात पुसायला घरच्यांचाच टॉवेल लटकत असला, तर मी हात ओले ठेवून बाहेर येते. आणि नशीब असं की एकतीस वर्षं नोकरी केली ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात. रोज चारशे-पाचशे चादरी हाताखालून जायच्या. तिथे एक विद्या मात्र अंगी आली. डाग बघून तो कशाचा, किती तासांचा आणि पुष्कळदा कोणाचा, हे मी सांगू शकते. निवृत्त झाल्यावर या विद्येचा कोणाला काय उपयोग, असं मला वाटायचं.

निवृत्तीनंतर माझा दिवस एकाच गोष्टीभोवती फिरायचा. दुपारी दोनला सायकल काढायची, समुद्रबांधाखालच्या रस्त्याने अकरा किलोमीटर जायचं आणि तीनच्या चहाला ओकाकडे पोचायचं. ओका माझी थोरली बहीण. तिचं घर रस्त्याच्या शेवटाला. कुरणांत साचलेलं पाणी ओहोटीच्या वेळी समुद्रात सोडायची मोठी झडप बांधात बसवली आहे, तिच्या शेजारी. आजूबाजूला दुसरं घर नाही.

त्या रस्त्यावर मोटारींना बंदी आहे. आमच्या गावाच्या टोकालाच मधोमध लाल-पांढरा खांब रोवलाय. मोटारीने जायचं तर आतल्या बाजूने बावीस किलोमीटरचा वळसा पडतो. सायकलवाल्याला मात्र सरळ, सपाट रस्ता. एका हाताला दुमजली घराएवढा उंच हिरवा बांध, दुसऱ्या हाताला खारी कुरणं, पाण्याचे चर आणि बोरूची बेटं. बांधापलीकडे समुद्र. म्हणजे दिवसातून दोनदा समुद्र, आणि उरलेला वेळ चिखल. नजर पोचेल तिथवर करडा, चकचकीत, बारीक बुडबुडे सोडणारा चिखल. लांबलांबून लोक येतात आणि हौसेने त्यात अनवाणी चालतात. त्याचा वास तब्येतीला चांगला म्हणे. मला तो वास आला की जिभेवर काहीतरी येऊन बसल्यासारखं वाटतं. साठ वर्षं त्याच्या काठाला काढली, पण त्यात पाय घातला नाही.

बांधावर मेंढ्या चरतात, म्हणून रस्त्यावर पाच फाटकं आहेत. उतरायचं, फाटक ढकलायचं, सायकल पलीकडे घ्यायची आणि सोडून द्यायचं. फाटकाच्या साखळीला लोखंडी वजन बांधलेलं असतं. त्या वजनाने ते आपोआप मागे येतं आणि खांबावर आपटतं. खटाक्. त्या सपाट मुलखात तो आवाज दूरवर ऐकू जातो.

ऑगस्टमधली दुपार होती. चौथं फाटक माझ्यामागे आपटलं, मी सायकलवर बसले आणि अर्धा किलोमीटर गेले असेन. मागून पुन्हा आवाज आला. खटाक्.

मी थांबून मागे पाहिलं. आमच्याकडे माणसाला लपायला जागा नाही. झाड नाही, वळण नाही. तीन किलोमीटरवरून कोणी येत असेल तर त्याची टोपी दिसते. रस्ता रिकामा होता, फाटक बंद होतं. वाऱ्याने हललं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण त्या दिवशी बोरूचं पान हलत नव्हतं. आणि फाटक आपटायचं तर आधी ते कोणीतरी उघडावं लागतं.

२

ओकाच्या टेबलावर तीन कप होते. एक तिचा, एक माझा आणि एक आयलर्टचा.

आयलर्ट तिचा नवरा. बांधावरच्या मेंढ्या राखायचा. गेल्या सप्टेंबरात तो असाच तीनच्या चहाला बसला होता आणि फोन आला की चौथ्या फाटकापाशी बांधापलीकडे एक मेंढी चिखलात रुतली आहे. त्याचा दीड कप झाला होता. "कप उचलू नकोस, आलोच," म्हणाला आणि सायकल घेऊन गेला. सायकल चौथ्या फाटकाशी उभी सापडली. मेंढी आपली आपण वर आली होती आणि बांधावर चरत होती. आयलर्ट सापडला नाही.

आमच्याकडे चहा म्हणजे कमीत कमी तीन कप. कपात आधी खडीसाखरेचा खडा, त्यावर कडक गरम चहा. साखर चट् करून तडकते. मग कडेने साय सोडायची. ढवळायचं नाही. बशीत चमचा असतो तो ढवळायला नसतोच. पुरे झालं की पाहुणा तो उचलून कपात ठेवतो. तोवर घरच्या बाईने ओतत राहायचं. चमचा कपात पडायच्या आधी कप उचलला, तर ते समोरच्याला दार दाखवण्यासारखं आहे.

आयलर्टचा चमचा बशीतच राहिला. म्हणून ओका वर्षभर रोज तीन वाजता त्याच्या कपात चहा ओतत होती.

"पुरे कर हे, ओका," मी त्या दिवशी म्हटलं.

"मी कसं पुरे म्हणू? ज्याचं त्याने म्हणायचं."

"तो मेलाय, बाई."

"मेला असेल. मी कुठे नाही म्हणते? पण चमचा ठेवला नाहीये ना त्याने." तिने ओतलं, साखर तडकली. "साय घे तू. आणि नाक मुरडू नकोस, सकाळचीच आहे."

मी नाक मुरडत होते हे खरं, पण सायीला नाही. आयलर्टच्या कपातल्या चहावर एक पातळ पापुद्रा धरला होता, सुरकुतलेला, करडा. मी मान फिरवली.

ओका अडुसष्टची, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. वर्षभरात ती निम्मी झाली होती. ब्लाऊजच्या बाह्यांत हात शोधावे लागत. माझ्या गावातल्या इमारतीत माझ्याच खालचं घर रिकामं झालं होतं आणि मी ते तिच्यासाठी धरून ठेवलं होतं. ऑक्टोबरात वादळं सुरू होतात. त्याच्या आत तिला त्या घरातून बाहेर काढायचं, एवढा एकच ध्यास मी घेतला होता. कारण मला स्वच्छ दिसत होतं की आणखी एक हिवाळा तिथे काढला तर ती उरणार नाही.

"ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला ये तू माझ्याकडे," मी म्हटलं.

"आणि हा कप कोण बघणार?"

बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती, आयलर्टच्या खुर्चीकडेही नाही. तिची नजर चहादाणीवर होती. आमच्या आईची चांदीची, फुगीर पोटाची चहादाणी, तिने घासून आरशासारखी ठेवलेली.

"किटलीत काय बघतेस एवढं?"

"काही नाही. तू तिसरा घे."

३

दोन दिवसांनी रस्त्यावर रेघ दिसली.

पाऊस नव्हता. आठवडाभर नव्हता. डांबर पांढरं पडलं होतं. चौथं फाटक ओलांडलं आणि तिथून पुढे रस्त्यावर एका टायरची ओली रेघ सुरू झाली होती. बांधाच्या गवतातून उतरून रस्त्यावर आलेली आणि सरळ ओकाच्या घराकडे गेलेली. आत जाणारी. परत येणारी नव्हती.

कोणीतरी चिखलात सायकल घातली असेल, असं मी म्हटलं. प्रवासी लोकांना काही अक्कल नसते. पण चिखलाचा माग वीस-पंचवीस पावलांत पुसट होत जातो. ही रेघ शेवटपर्यंत तशीच होती, जाड, ओली, मधे कुठे न तुटलेली. पाचव्या फाटकापाशी मेंढ्या दाटीने बसल्या होत्या, सगळ्या रस्त्याच्या एकाच बाजूला. एरवी डांबर ऊबदार असतं म्हणून त्या मधोमध पसरतात आणि सायकलची घंटा वाजवून वाजवून माणूस रडकुंडीला येतो.

मी रेघ चुकवत चालवत होते. एका ठिकाणी तोल गेला आणि माझं पुढचं चाक तिच्यावरून गेलं. सर्र असा आवाज आला, ओल्या मांसावरून सुरी फिरवावी तसा. वास वर आला. तो नुसत्या चिखलाचा वास नव्हता. एकतीस वर्षांत दोन-तीनदाच तो चादरींना आला होता, जेव्हा एखाद्या खोलीत माणूस मेल्याचं उशिरा कळलं होतं. मला तिथेच ओकारी आली. मी खाली उतरून चरात ओकले आणि रुमालाने तोंड पुसून रुमाल तिथेच टाकून दिला.

घरी आल्यावर टायर साबणाने धुतलं, ब्रशने घासलं, वर व्हिनेगर ओतलं. सकाळी शेडमध्ये गेले तर टायर ओलं होतं, आणि खाली जमिनीवर एक करडं, बशीएवढं तळं.

४

वुब्बो आता आयलर्टच्या जागी मेंढ्या बघतो. पंचेचाळिशीचा, बडबड्या, कोणालाही न सोडणारा. तो मला तिसऱ्या फाटकाशी भेटला आणि लांबूनच आमच्याकडचा रामराम घातला.

"मोइन, टाल्के! आज चाकाला अत्तर लावून निघालीस वाटतं? व्हिनेगरचा वास इथपर्यंत येतोय."

"तुझी फाटकं बिघडलीत, वुब्बो. चौथं आपोआप वाजतं."

"चौथं?" त्याने टोपी मागे सरकवली. "मी मे महिन्यात त्याचं वजन बदललं. नवं कोरं आहे. दोन्ही हातांनी ढकलावं लागतं."

"मग कोण ढकलतं?"

"तूच. आणि म्हातारपणी विसरतेस." तो हसला, मग हसू मधेच आवरलं. "मेंढ्या तिथे थांबत नाहीत, ते बघितलंस? कुत्राही जात नाही. मी म्हटलं तिथे काहीतरी मेलं असेल बांधापलीकडे. जाऊन बघितलं दोनदा. काही नाही."

"ओकाच्या घराकडे सायकलवर कोणी जातं का?"

"तुझ्याशिवाय कोण जातंय तिच्याकडे?" मग त्याने खाली बघत विचारलं, "अजून ओतते का ती?"

मी हो म्हटलं.

"तो फोन मी केला होता त्या दिवशी," वुब्बो म्हणाला. "मेंढी मला दिसली होती. मी जायला पाहिजे होतं, पण मी जेवायला बसलो होतो." त्याने फाटक माझ्यासाठी उघडून धरलं आणि मी पलीकडे गेल्यावर हळूच, आवाज न करता लावलं.

५

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी उशिरा पोचले. साखळी उतरली होती. ती बसवताना हात काळे झाले आणि ते पुसण्यात वेळ गेला. ओकाने माझ्यासाठी न थांबता चहा घेतला होता. ती स्वयंपाकघरातून साय आणायला उठली आणि टेबलाशी मी एकटी राहिले.

मी आयलर्टच्या कपाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. इतके दिवस मी बघायचंच टाळत होते.

कप अर्धा होता. आणि काठावर ओठाचा ठसा होता.

इतके दिवस मी मनाशी धरलं होतं की ओका तो चहा स्वतः पिते, किंवा मी गेल्यावर मोरीत ओतते. पण ठसे मला वाचता येतात. ओकाच्या खालच्या ओठाला मधोमध खाच आहे. बारा वर्षांची असताना ती मला मागे बसवून सायकल चालवत होती, याच रस्त्यावर, आणि आम्ही दोघी पडलो होतो. तिच्या कपावरचा ठसा मधे नेहमी तुटलेला असतो. हा ठसा सलग होता आणि रुंद होता. चहाचा नव्हता. करडा होता, चिकट होता आणि ओला होता. माझ्या डोळ्यांसमोर त्यातला एक ओघळ कपाच्या बाहेरून हळू खाली उतरला. त्यात एक पांढरा केस होता. खुर्चीची गादी मधोमध काळी पडली होती, कोणी ओल्या अंगाने बसून गेल्यासारखी.

किळस मला पुष्कळदा आली आहे, पण ही वेगळी होती. ती पोटातून नाही आली, हातांतून आली. हा माझ्या आईचा कप, माझ्या आईचं टेबल, माझी बहीण इथे बसून रोज खाते, आणि हे घाण काहीतरी येऊन तिच्या पंक्तीला बसतंय! मला भीती वाटली नाही. संताप आला. मी आयलर्टच्या बशीतला चमचा उचलला आणि त्याच्या कपात ठेवला.

टिंग.

ओका दारात उभी होती, हातात सायीचं भांडं.

दुसऱ्याचा चमचा आपण ठेवत नाही. नवरा-बायको एकमेकांचा ठेवत नाहीत, आई लेकराचा ठेवत नाही. मी हे आयुष्यात केलं नव्हतं आणि कोणी केलेलं पाहिलंही नव्हतं.

"तुला कोणी सांगितलं त्याला पुरे झालं म्हणून?" ओका म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

"मला कोणी सांगायला कशाला पाहिजे? झालं त्याचं. झालं ओका. बघ तो कप! तुला ओकारी कशी येत नाही?"

"येते की," ती म्हणाली. "रोज येते."

तिने सायीचं भांडं खाली ठेवलं, कप उचलला, मोरीत नेऊन धुतला, पुसला आणि कपाटात ठेवला. नियमच आहे तो. चमचा पडला की कप उचलायचा. तिचे हात नीट चालले होते.

६

दुसऱ्या दिवशी रेघ नव्हती. चौथं फाटक एकदाच वाजलं, माझ्यामागे, आणि पुन्हा वाजलं नाही. पाचव्या फाटकाशी मेंढ्या मधोमध पसरल्या होत्या. मी घंटा वाजवून वाजवून हैराण झाले आणि मला इतका आनंद झाला की मी त्यांना मोठ्याने शिव्या दिल्या.

टेबलावर दोन कप होते. खुर्ची वाळली होती.

"बरं वाटतं का?" मी विचारलं.

"मोकळं वाटतं," ओका म्हणाली. "फार मोकळं." चहा ओतताना ती अधूनमधून चहादाणीत बघायची, मग मान हलवायची. "आता तो काही येत नाही."

"नकोच ना यायला."

"हो." तिने माझ्या कपात कडेने साय सोडली. "येते मी तुझ्याकडे. कधी म्हणत होतीस, पहिली तारीख?"

मला खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. ही बाई चाळीस वर्षांत एकदाही माझ्या पहिल्या सांगण्याला हो म्हणालेली नाही. पण मी जिंकले होते, आणि जिंकलेल्या माणसाला काही दिसत नाही. मी भराभरा कामाला लागले. आठ दिवस आम्ही खोकी भरली. वुब्बो त्याच्या ओळखीचा टेम्पो आणणार होता, आतल्या रस्त्याने, साडेतीनला. कपाटातली भांडी मी स्वतः कागदात गुंडाळली. आयलर्टचा कप मी चिमटीत धरून खोक्याच्या तळाशी घातला आणि नंतर दोनदा हात धुतले.

आदल्या दिवशी मी निघताना ओका दारापर्यंत आली. तिने माझ्या कॉलरची घडी नीट केली, लहानपणी करायची तशी.

"उद्या तीनलाच ये. लवकर नको येऊस."

"एवढं काम पडलंय, लवकर नको काय?"

"शेवटचा चहा आहे या घरातला. मला माझा मांडू दे."

७

ओहोटी होती. ऊन स्वच्छ होतं. तिसऱ्या फाटकापासूनच मला दिसलं की चौथ्या फाटकाशी सायकल उभी आहे.

ओकाची होती. स्टँडवर नीट लावलेली, हँडल सरळ. बसायची जागा ओली होती. मी तळवा ठेवला आणि लगेच काढला. कच्च्या माशासारखी गार आणि बुळबुळीत होती.

फाटकापलीकडे रस्त्यावर रेघ होती. इतक्या दिवसांची रेघ घराकडे जायची. ही घराकडून आली होती. आणि एक नव्हती. दोन होत्या, शेजारी शेजारी, दोन माणसं गप्पा मारत सायकली चालवतात तेवढ्या अंतरावर. एक जाड, करडी. दुसरी बारीक, तिच्या टायरची. फाटकाशी ती बारीक रेघ थांबली होती. जाड रेघ थांबली नव्हती. ती गवतातून बांधावर चढली होती आणि तिच्याशेजारी गवत पायांनी दबलं होतं.

मी बांधावर धावत चढले. खाली चिखल होता. मी हाक मारली. मग ज्यात साठ वर्षं पाय घातला नव्हता त्यात मी बुटांसकट शिरले, घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. तो पायाला धरतो. ऊबदार असतो, हे मला माहीत नव्हतं. मी ओरडत होते आणि ओकत होते. कोठेही काही नव्हतं. पाऊल नाही, कापड नाही. बारीक बुडबुडे फुटण्याचा आवाज तेवढा सगळीकडून येत होता.

तिच्या घरी मी कशी पोचले ते आठवत नाही. दार उघडं होतं. चहादाणीखालची मेणबत्ती जळत होती. खोक्याच्या तळातून आयलर्टचा कप काढलेला होता, कागद नीट घडी करून बाजूला ठेवलेला. टेबलावर तीन कप. माझा कोरा. आयलर्टचा रिकामा, काठावर करडा ठसा, चमचा पुन्हा बशीत. आणि ओकाचा अर्धा.

तो अजून कोमट होता. तिचा चमचा बशीत होता.

साडेतीनला टेम्पो आला. वुब्बोने मला चिखलाने माखलेली टेबलाशी बसलेली पाहिलं आणि टोपी काढली. तीन दिवस लोकांनी शोधलं, होड्यांनी शोधलं, वरून विमान फिरलं. चौथ्या दिवशी तो माझ्याशेजारी बसला आणि म्हणाला, "टाल्के, मी कप उचलून ठेवू का?"

मी त्याच्या हातावर मारलं. लहान पोराला मारतात तसं.

८

गावातलं घर मी सोडलं. माझं आणि ओकासाठी धरून ठेवलेलं, दोन्ही सोडली. आता मी इथे, ओकाच्या घरात राहते. वुब्बो आठवड्यातून दोनदा साय आणतो, "मोइन" म्हणतो, मला चिडवायचा प्रयत्न करतो, आणि तीन वाजायच्या आत निघून जातो.

माझीच चूक होती, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तिला पुरे झालं नव्हतं. त्यालाही नव्हतं. पुरे मला झालं होतं, आणि मी माझं पुरे त्यांच्या कपात टाकलं.

रोज तीनला मी दोन कपांत खडे घालते आणि ओतते. माझा तिसरा. पहिले दोन महिने काही झालं नाही. चहा गार व्हायचा, पापुद्रा धरायचा, मी तो फेकायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओतायचे. डिसेंबरात एका दुपारी, वारा पूर्ण पडलेला असताना, लांबून आवाज आला. चौथं फाटक. मग किती तरी वेळ काही नाही. मग पाचवं, जवळून.

मी वळले नाही. वळायचं नसतं, हे आता मला कळतं. मी ओकासारखी चहादाणीकडे बघत बसले. तिच्या फुगीर पोटात माझा चेहरा होता, खिडकी होती, आणि माझ्या मागच्या दोन खुर्च्या. खुर्च्या रिकाम्या नव्हत्या. एवढंच मी बघितलं आणि डोळे मिटले. वास घरभर पसरला. मला ओकारी आली, ती मी गिळली.

नंतर उठून कप पाहिले. दोन्ही रिकामे होते. एकावरचा ठसा सलग आणि रुंद होता. दुसऱ्यावरचा करडा, ओला, आणि मधोमध तुटलेला. मी तो कप दोन्ही हातांत धरून रडले, आणि रडतानाही मला किळस येत होती. ती गेलेली नाही. जाईल असं वाटतही नाही. ओठांचा तो चिकट ठसा मी रोज माझ्या बोटांनी धुते आणि नंतर रोज दोनदा हात धुते. पण तो तिचा ठसा आहे.

पूर्वी मला फाटकाच्या आवाजाची धास्ती वाटायची. आता त्याची वाट बघते. चौथं वाजतं, पाचवं वाजतं, दार वाजत नाही, साखर तडकते. मी दुसरा ओतते, तिसरा ओतते, हात मांडीवर ठेवते आणि पाठमोरी ऐकत राहते. एकच आवाज मला नको असतो. चमचा कपात पडल्याचा.

अजून पडलेला नाही. मग मी चौथा ओतते.